प्रमिलाकाकूंचे शेवट

प्रमिलाकाकूंनी सांगितलेले बरेचसे सिनेमे मी पुढे कधी ना कधी टीव्हीवर पाहिले. जवळजवळ प्रत्येकाचा शेवट वेगळा निघाला. काकूंच्या सिनेमात ज्या आईला शेवटी दिसायला लागायचं, ती टीव्हीवर आंधळीच राहायची. काकूंच्या सिनेमात जो मित्र गोळी लागूनही वाचायचा, तो टीव्हीवर नायकाच्या मांडीवर डोकं ठेवून मरायचा. आणि घर सोडून गेलेला नवरा काकूंच्या सिनेमात हमखास परत यायचा. टीव्हीवर कधी यायचा, कधी नाही.

आम्ही वर्ध्याजवळ पिपरी मेघेला राहायला गेलो तेव्हा मी सहावीत होते. आमच्या गल्लीत तेव्हा सात-आठ घरं होती, बाकी सगळे मोकळे प्लॉट. अर्ध्या घरांना गिलावा नव्हता. पावसाळ्यात त्या काळ्या मातीतून चपला हातात घेऊन मुख्य रस्त्यापर्यंत यावं लागायचं. बहुतेक घरांतून कोणीतरी मास्तर नाहीतर कारकून होता. माझे आई-बाबा दोघंही नोकरीला. माझी शाळा सकाळची, इंग्रजी माध्यमाची. दुपारी घराला कुलूप असायचं आणि किल्ली समोरच्या प्रमिलाकाकूंकडे. मी किल्ली घ्यायला जायची आणि तिथेच बसून राहायची. बोलायची मात्र नाही. माझं मराठी पुस्तकी होतं, गल्लीतल्या मुली हसायच्या. काकू हसल्या नाहीत. त्यांनी मला "मॅडम" असं नाव ठेवलं आणि विषय संपवला.

"ये मॅडम, बस. बोलू नको, पण बस," त्या म्हणायच्या.

काकू उंच होत्या, थोड्या पोक काढून चालायच्या. कपाळ मोठं, त्यावर बारीकशी टिकली. त्यांच्या हाताला काम नसलेलं मी पाहिलं नाही. पण सिनेमा सांगताना मात्र हात थांबायचे. म्हणजे बाकीच्या बायकांचे चालू, त्यांचे बंद. शुक्रवारी दुपारी त्यांच्या वऱ्हांड्यात गल्लीतल्या बायका आपापलं काम घेऊन जमत. कोणी तूर निवडायची, कोणी लसूण सोलायची, उन्हाळ्यात सगळ्या मिळून सरगुंडे करायच्या, म्हणजे कणकेची वळी बारीक काडीवर गुंडाळून वाळवायच्या. काकू पालथ्या घातलेल्या तेलाच्या पिप्यावर बसत आणि आदल्या दिवशी टॉकीजमध्ये पाहिलेला सिनेमा सांगत.

दर गुरुवारी त्या बाराच्या शोला एकट्या जात. गुरुवारी गर्दी नसे, शुक्रवारी सिनेमा बदलायचा. बाकीच्या बायकांना घरून परवानगी नव्हती, किंवा वेळ नव्हता, किंवा दोन्ही. काकू गेल्या की गल्लीच गेल्यासारखं होतं. त्या नटनट्यांची नावं घेत नसत. "ते मोठ्या डोळ्याची," "तो लंबू," "तो, जो मागच्या सिनेमात वकील झालता." गाणं आलं की "इथं गाणं झालं" एवढंच म्हणायच्या आणि घोटभर पाणी प्यायच्या. साड्या मात्र काठासकट सांगायच्या. नायकाच्या बापाला अपमान सहन करावा लागला की त्यांचा स्वतःचा आवाज बारीक व्हायचा. एखादी नववधू लाजून खाली पाहू लागली की म्हणायच्या, "इंटरवलपर्यंत सगळेच नवरे चांगले असतात, बाप्पा. पुढं पाहा."

शेजारच्या घरातल्या वानखेडेबाई, ज्यांचा आवाज चौकापर्यंत जायचा, त्या लगेच विचारायच्या, "काऊन, तुमच्या सरांचा इंटरवल झाला काय?"

सगळ्या हसत. काकूही हसत.

सर म्हणजे त्यांचे यजमान. अल्लीपूरच्या एका शाळेत शिकवायचे, रोज बसने जाऊन-येऊन. गोरे, नीटनेटके, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. गल्लीतून जाताना सगळ्यांना हात जोडत. काकूंना मूलबाळ नव्हतं. घरात तिसऱ्या होत्या सरांच्या आई. त्यांना सगळे आजी म्हणत, काकू आत्याबाई म्हणायच्या. आजी अकराला जेवून आडव्या व्हायच्या आणि अडीचच्या सुमाराला उठून चहा मागायच्या. चहात साखर तीन चमचे, स्टीलच्या ठरलेल्या पेल्यात. काकूंच्या सिनेमाला आजींची हरकत नव्हती. अट एकच, उठल्यावर हातात पेला पाहिजे.

एकदा मी अशीच बसले होते. शुक्रवार नसावा, कारण वऱ्हांड्यात आम्ही दोघीच होतो. काकू गहू पाखडत होत्या. एकदम सूप थांबवून म्हणाल्या, "मॅडम, एक सांग. सिनेमा संपला का पडद्यावर काय लिहून येते?"

मी म्हटलं, "दि एंड."

"तेवढंच?"

"कधी कधी 'समाप्त' पण येतं."

"बरं. मोठ्या अक्षरात येते का बारीक?"

"मोठ्या."

त्या पुन्हा पाखडू लागल्या. मला नवल वाटलं. मी तोवर टॉकीजमध्ये मोजून तीन-चार सिनेमे पाहिले होते. या बाई दर आठवड्याला जायच्या. माझ्या चेहऱ्यावर ते दिसलं असणार. त्या हळूच म्हणाल्या, "बारा वाजता सुरू होते तं संपाले तीन वाजते, बाई. अन् आत्याबाई अडीचले उठते. मी मारामारी सुरू झाली का निघतो."

"मग शेवट?"

"चालता चालता करतो. टॉकीजपासून घरापर्यंत लय रस्ता आहे." मग सूप आपटून म्हणाल्या, "वानखेडेबाईले नको सांगजो."

मी कोणालाच सांगितलं नाही. मला कोणी काही विचारतही नसे. पण त्या दिवसापासून शुक्रवारी काकू सिनेमा सांगू लागल्या की मी त्यांच्याकडे वेगळ्या नजरेने पाहायची. अमुक ठिकाणापर्यंत पडद्यावरचं होतं आणि इथून पुढे काकूंचं सुरू झालं, हे मला कळायला लागलं. पडद्यावरचं सांगताना त्या समोर पाहत. स्वतःचं सांगताना त्यांची नजर कोणाच्या तरी हातांवर असायची, तूर निवडणाऱ्या, लसूण सोलणाऱ्या हातांवर.

सरांचं प्रकरण मला डब्यावरून कळलं. म्हणजे तेव्हा कळलं नाही, पण मी पाहिलं.

सर दुपारचा डबा घेऊन जात, तीन पुडांचा. संध्याकाळी तो परत यायचा आणि काकू रात्री घासायच्या. सातवीत असताना संक्रांतीनंतर एका संध्याकाळी मी गेले, तेव्हा काकू सरांचा परत आलेला डबा अंगणातल्या नळाखाली उघडून बसल्या होत्या. डबा घासलेला, कोरडा, आणि मधल्या पुडात तिळाच्या दोन वड्या.

"हे पाहा मॅडम," त्या म्हणाल्या, "सरांच्या शाळेतल्या कोण्या पोराच्या आईनं देल्ल्या असतील." एक मला दिली. वडी चांगली होती, वेलदोडा घातलेली. काकूंनी दुसरी खाल्ली नाही, तशीच हातात धरून बसल्या.

त्यानंतर डबा पुष्कळदा तसाच येऊ लागला. घासलेला आणि रिकामा नसलेला. कधी चिमूटभर साखर, कधी शेंगदाण्याचे चार लाडू, एकदा तर कढीलिंबाचा ताजा तुरा. आमच्याकडे कोणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. काही नसलं तर निदान साखरेचे दाणे टाकतात. अल्लीपूरला सरांचा डबा जी कोणी घासत होती, तिच्या हातून तो रिकामा परत जाईना. सरांना डबा उघडून पाहायची सवय नव्हती. ते तो तसाच घरी आणत आणि खिडकीत ठेवत.

काकूंनी सरांना काही विचारलं नाही. त्या डब्यात थोडं जास्त भरू लागल्या. एकदा मी पाहिलं, खालच्या पुडात त्या पुरणपोळ्या ठेवत होत्या. सर दोन खात, काकूंनी चार ठेवल्या.

मी विचारलं, "चार कशाला?"

"दोन सरांच्या." त्यांनी झाकण दाबून लावलं. "बाई वळणाची आहे. भांडं कसं परत करावं, हे तिच्या मायनं शिकवलं आहे तिले."

एवढंच म्हणाल्या. ते मला मोठेपणी समजलं. तिकडे कोण आहे, हे त्या दोघींमध्ये डब्यातूनच ठरून गेलं होतं. सर रोज दोन्हीकडचा निरोप हातात घेऊन बसने ये-जा करत होते आणि त्यांना पत्ताच नव्हता.

पुढच्या पावसाळ्यात सरांनी अल्लीपूरला खोली केली. रस्ता खराब, बस अडकते, असं सांगितलं. पावसाळा संपला तरी खोली राहिली. दिवाळीला आले आणि ट्रंक घेऊन गेले. मग गल्लीत ते उघड झालं. शाळेजवळ राहणारी, नवरा वारलेली एक बाई. नाव कोणाला नीट माहीत नव्हतं. वानखेडेबाईंचा भाऊ अल्लीपूरला दुकान चालवायचा, त्याच्याकडून बातम्या येत. बायका काकूंसमोर गप्प होत आणि काकू पाठमोऱ्या झाल्या की बोलायला लागत. मी लहान आणि अबोल म्हणून माझ्यासमोर कोणी थांबायचं नाही.

नवल म्हणजे आजी गेल्या नाहीत. पोरगा न्यायला आला होता. आजी खाटेवरून म्हणाल्या, "मी माह्या घरी आहे. तू तुह्या घरी जाय." काकूंनी घराच्या पुढच्या खोलीत साड्यांना फॉल-पिको करायचं मशीन मांडलं. आजी दाराशी बसून गिऱ्हाइकांशी भांडत. गुरुवार चालू राहिले. शुक्रवारी सिनेमाही चालू राहिला. फक्त "इंटरवलपर्यंत सगळेच नवरे" हे वाक्य काकूंनी पुन्हा म्हटलं नाही, आणि वानखेडेबाईंनीही त्यांची ती चेष्टा पुन्हा केली नाही.

मी नववीत जाणार त्या उन्हाळ्यात टॉकीजला एक सिनेमा लागला. गल्लीत त्याची आधीच चर्चा. नवऱ्याचं दुसऱ्या बाईशी जुळतं, संसार मोडतो, अशी गोष्ट. काकू त्या गुरुवारी जाणार नाहीत, असं सगळ्यांना वाटत होतं. मी त्यांच्याकडे गेले तर काकू आजींच्या खाटेच्या कडेला बसलेल्या आणि आजी जाग्या.

"जाय नं वं," आजी म्हणत होत्या. "जात काऊन नाई?"

"मन नाई लागत, आत्याबाई."

"मन टॉकीजमदी लागन. जाय. अन् आज पूर्ण पाहून येजो. चहा मी करतो."

काकूंनी एकदम वर पाहिलं. मी दारातच थांबले. आजींनी डोळे मिटून घेतले आणि म्हणाल्या, "मले काय समजत नाई? अडीचले घरी येते, अन् तीनचा शेवट सांगते. इतके वर्षं ऐकून राह्यली मी."

काकू गेल्या. त्या दिवशी त्या सव्वातीनच्या पुढे घरी आल्या. आजींनी केलेला चहा त्यांनी उभ्यानेच प्यायला. मी पायरीवर होते. माझ्याजवळून आत जाताना त्या वाकून म्हणाल्या, "पाह्यलं मॅडम, मोठ्या अक्षरात येते."

दुसऱ्या दिवशी सरगुंड्यांचा घाट होता. वऱ्हांडा भरलेला. ज्या कधी येत नसत त्याही आल्या होत्या, का ते सगळ्यांना माहीत होतं. आजींना उचलून बाजेसकट बाहेर आणलं होतं. काकू पिप्यावर बसल्या.

सिनेमा असा होता. धरणावर काम करणारा एक इंजिनियर. बायको गावाकडची, शांत. तिला एक सवय, नवरा घरी यायच्या आधी उंबऱ्यावर पाण्याचा तांब्या ठेवायचा. शहरात त्याचं एका गाणारीशी जुळतं. बायकोला कळतं. तो जातो. घर ओस पडतं. तांब्या रोज ठेवला जातो आणि रोज उचलला जातो. काकूंनी इतका चांगला सिनेमा कधी सांगितला नव्हता. वळ्या हातातच वाळत होत्या. इंजिनियर सामान बांधतो तिथे वानखेडेबाई रडल्या आणि पिठाच्याच हाताने त्यांनी डोळे पुसले. आजी बाजेवर उठून बसल्या होत्या, हातातला पदर तोंडाशी.

मग शेवट आला. काकू बोलता बोलता थांबल्या. समोर पाहत होत्या, त्यांची नजर खाली आली आणि आजींच्या हातांवर थांबली. आजींच्या हाताच्या शिरा वर आलेल्या होत्या आणि त्या पदराचा काठ चुरगळत होत्या.

"मंग एक दिवस तो येते," काकू म्हणाल्या. "थकलेला. दाढी वाढलेली. उंबऱ्यावर तांब्या आहे. तो पाणी पिते. आतून तिचा आवाज येते, हात-पाय धुवा, ताट वाढलं आहे."

आजींनी मान हलवली, पुन्हा पुन्हा हलवली. "असंच पाह्यजे," म्हणाल्या. "असंच पाह्यजे बाई."

संध्याकाळी नळाला पाणी आलं तेव्हा काकू आणि मी शेजारी होतो. मी विचारलं, "काकू, खरंच तो परत येतो?"

"येते."

"आणि ती जेवायला वाढते?"

त्यांची बादली भरून वाहत होती. त्यांनी नळ बंद केला नाही. "ते बाई त्याले पाणी देते. तो पिते. मंग बाई म्हणते, आता जा." त्यांनी बादली उचलली. "आत्याबाई समोर बसल्या होत्या. कसं सांगू?"

त्या दिवशीचा शेवट आजींसाठी होता. पण वऱ्हांड्यातल्या बाकी सगळ्यांनी तो काकूंचा निरोप समजून घेतला. प्रमिलाबाई स्वतःच्या तोंडाने कशी बोलेल, म्हणून सिनेमातून बोलली, असं वानखेडेबाईंनी ठरवलं, आणि गल्लीला ते पटलं. आजींना तर पटायला काही लागलंच नाही. वानखेडेबाईंच्या भावामार्फत अल्लीपूरला सांगावा गेला, ती घ्यायला तयार आहे, या. काकूंना कोणी विचारलं नाही. विचारायचं काय, त्यांनीच तर सांगितलं होतं.

सर रविवारी दुपारी आले. हातात बॅग, दुसऱ्या हातात आंब्यांची पिशवी. मला वाटतं, दाढी त्यांनी मुद्दाम केली नव्हती, पण तसं नसेलही. बायका वऱ्हांड्यात होत्याच. इतक्या जणी रविवारी का जमल्या, हे काकूंच्या लक्षात आलं नव्हतं. त्या कणीक मळत होत्या. फाटक वाजलं आणि सगळ्यांच्या माना आधी फाटकाकडे आणि मग काकूंकडे वळल्या.

"घ्या वहिनी," वानखेडेबाई फाटकाकडे बोट करून म्हणाल्या. "झालं नं सिनेमासारखं!"

काकू हळूहळू उठल्या. कोपरापर्यंत कणीक. त्यांनी आजींकडे पाहिलं. आजींचा चेहरा उजळला होता, मी तो तसा कधी पाहिला नव्हता.

"प्रमिला, पाणी दे त्याले," आजी म्हणाल्या.

काकू आत गेल्या. हात धुतल्याचा आवाज आला. तांब्या आणि पेला घेऊन बाहेर आल्या, सरांना दिला. सरांनी बॅग खाली ठेवली, पाणी प्यायले. पेला परत देताना म्हणाले, "चुकलं माझं. आता इथंच राहीन."

काकूंनी पेला घेतला.

"सिनेमात असं नाई होत," त्या म्हणाल्या.

आवाज चढवला नाही. सिनेमा सांगायच्या तसाच आवाज. पण या वेळी नजर कोणाच्या हातांवर नव्हती. "आत्याबाई, मी तुमाले खोटं सांगतलं. ते बाई त्याले पाणी देते. अन् पाणी पिऊन झालं का जा म्हणते. तिथं दि एंड येते. मी डोळ्यानं पाह्यलं."

"मंग खोटं काऊन सांगतलं?" आजी म्हणाल्या.

"तुम्ही ऐकून राह्यल्या होत्या."

सरांनी इकडेतिकडे पाहिलं, कोणी तरी काही बोलेल असं त्यांना वाटत असावं. मग काकू त्यांना म्हणाल्या, "तिकडं ते बाई आहे. तिच्याजवळ काही नाई. तिले सोडून आले तं उद्या मले सोडून जाल. जा तुम्ही."

सर बॅग उचलून फाटकाशी गेले आणि तिथेच थांबले. आजी किती तरी वेळ बाजेवर बसून होत्या. मग पाय खाली सोडले. आधार धरत आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा काखेत गाठोडं होतं.

"माहा पोरगा आहे वं तो," आजी म्हणाल्या. "दारातून वापस चालला. कसा जाऊ देऊ एकटा?"

पोरगा आधी गेला तेव्हा आजी गेल्या नव्हत्या. पण तेव्हा तो स्वतः गेला होता. आता त्याला घालवलं होतं. हा फरक मला तेव्हा समजला नाही. काकूंना मात्र समजला होता, कारण त्यांनी आजींना एका शब्दानेही अडवलं नाही. त्या आत गेल्या आणि एकेक वस्तू आणू लागल्या. गोळ्यांची पुडी. लोकरीची टोपी. शेवटी तो स्टीलचा पेला. पेला त्यांनी सरांच्या हातात दिला.

"साखर तीन चमचे," त्या म्हणाल्या. "तिले सांगजा. कमी पडली तं आत्याबाई काही बोलत नाईत. पण पीत नाईत."

ते दोघं गल्लीतून जाताना आजी एकदाही मागे वळून बघू शकल्या नाहीत, त्यांना मान मागे वळवता येत नसे. काकू कणकेजवळ येऊन बसल्या. वानखेडेबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. काकू म्हणाल्या, "वळ्या करा. कणीक सुकून राह्यली."

त्यानंतर शुक्रवारचा सिनेमा बंद झाला. तोवर घरोघरी केबलही आली होती, त्यामुळे कोणाला फारसं जाणवलं नाही, असं म्हणायची पद्धत आहे. मला जाणवलं.

बारावीनंतर मी पुण्याला गेले. काकूंची बातमी आईच्या फोनमधून तुकड्यातुकड्यांनी कळायची. काकू आता दर गुरुवारी सिनेमा पाहतात आणि दर शनिवारी अल्लीपूरला जातात. थर्मासमध्ये चहा भरून नेतात. त्या घराच्या आत पाऊल टाकत नाहीत, बाहेर ओट्यावर आजींजवळ बसतात, सर त्या वेळी शाळेत असतात. चहा पाजतात, सिनेमा सांगतात आणि बसची वेळ झाली की उठतात. गल्लीत पुष्कळांना हे आवडलं नव्हतं. "सवतीच्या दारी जाऊन बसते," असं बोलणं होतं. आईने एकदा काकूंना विचारलं, "तिथं जाऊन तुम्हाला त्रास होत नाही?" काकू म्हणाल्या, "मी तिच्या दारी नाई जात. मी आत्याबाईच्या बाजेजवळ जातो."

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते वर्धेच्या बसस्टँडवर. सुट्टी संपवून निघाले होते, नागपूरची बस लागायची होती. अल्लीपूरची बस आली आणि तिच्यातून काकू उतरल्या. पोक वाढलं होतं. केस पांढरे. हातात निळा थर्मास. मला पाहून थेट माझ्या बाकावर येऊन बसल्या.

"मॅडम, तू होय?"

आजी गेल्याचं मला आईने सांगितलं होतं, पंधरा-वीस दिवस झाले होते. मला काय बोलावं ते सुचेना. माझं ते अजूनही तसंच आहे. काकूच बोलल्या.

"थर्मास राह्यलता तिथं. म्हटलं घेऊन यावा." मग म्हणाल्या, "ते बाहेर आली आज. इतक्या वर्षांत मले एक शब्द नाई बोलली, ना मी तिले बोलली. मी सिनेमा सांगू लागली का ते दाराआड येऊन उभी राहे, ते मले माहीत होतं. साडीचा काठ दिसे. आज थर्मास हातात देल्ला अन् म्हणते कशी, ताई, त्या दिवशीचा सिनेमा अर्धा राह्यला. मंग काय झालं?"

"मग तुम्ही सांगितलं?"

"सांगतला. ओट्यावर बसून."

"खरा शेवट? की तुमचा?"

काकू हसल्या. पुढचा एक दात नव्हता. "अवं, आता मी पूर्ण पाहूनच येतो. घरी कोणाले चहा पाह्यजे?"

त्या थर्मास मांडीवर धरून बसल्या होत्या. मग माझ्याकडे जरा सरकून म्हणाल्या, "धुऊन देल्ला असन म्हटलं. बसमदी बसली तं जड लागला."

त्यांनी झाकण काढून त्यात ओतलं. चहाची वाफ आली. गर्दीतून कोणी तरी बसचं नाव ओरडत होतं. काकूंनी एक घोट घेतला आणि तोंडातच धरून ठेवला. मग झाकण माझ्या हातात दिलं.

चहा इतका गोड होता की माझ्याने घोट घेववेना. तरी मी प्यायले.

"तीन चमचे," काकू म्हणाल्या.

माझी बस लागली. मी खिडकीशी जागा धरली. बस वळली तेव्हा काकू बाकावर तशाच होत्या. त्यांनी झाकण पुन्हा भरलं होतं, ते दोन्ही हातांनी धरलं होतं आणि त्या पीत होत्या.